स्कूबाचं ओपन वॉटर झालं, पण इन्स्ट्रक्टरशिवाय उतरायचा धीर होत नाही. नाशिकमध्ये राहून सराव कसा करावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात मालवणला ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स पूर्ण झाला, कार्ड हातात आलंय. समुद्रातल्या चार डाइव्ह, त्या पलीकडे अनुभव शून्य. अडतंय कुठे ते आकड्यांसकट लिहिते.

माझं वजन ७४ किलो, अंगात ३ मिमीचा शॉर्टी (आखूड बाह्यांचा) सूट, बुडायला मदत म्हणून पट्ट्यावर ८ किलो शिसं, ॲल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर. शेवटची डाइव्ह सरासरी ९ मीटरवर २८ मिनिटं चालली, सिलिंडरचा दाब २०० बारवरून ५० वर आला. शेवटी ५ मीटरवर सुरक्षेसाठी थांबायचं तर एक तर वर निसटते, नाहीतर खाली जाते. मास्कमध्ये पाणी शिरलं की छाती धडधडायला लागते.

प्रश्न असे: लगेच ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करावा का? नाशिकमध्ये पोहण्याच्या तलावात काय सराव होऊ शकतो? गंगापूर धरणात उतरणं कितपत योग्य? पुढची फेरी डिसेंबरात काढायचा विचार आहे.

खारंवारं

ताई, तुमच्या तक्रारींपैकी निम्म्या त्या ८ किलोंमध्ये आहेत. कोर्समध्ये विद्यार्थी तळाशी गुडघ्यांवर स्थिर राहावा म्हणून जास्तीचं शिसं लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ते शिकवणाऱ्याच्या सोयीचं असतं, तुमच्या नव्हे. शॉर्टी सूटमध्ये तुम्हाला साधारण ५ किलो पुरायला हवेत.

जास्तीच्या शिशाने काय होतं ते बघा. ३ किलो जादा असले की ते तोलायला बीसीडीत (हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटात) ३ लिटर जादा हवा भरावी लागते. १० मीटरवर दाब २ बार असतो, ५ मीटरवर दीड बार. म्हणजे १० वरून ५ वर येईपर्यंत त्याच ३ लिटरचे ४ लिटर होतात आणि तुम्हाला वर ओढणारी १ किलोची ताकद आपोआप तयार होते. तुम्ही घाबरून हवा सोडता, ती जरा जास्त सुटते, तुम्ही खाली जाता, परत भरता. ५ मीटरवर जो झोका खाताय तो हाच. जादा हवा १ लिटरच असती, तर हाच फरक साधारण ३०० ग्रॅमचा झाला असता आणि तेवढा नुसत्या श्वासावर सांभाळता येतो.

वजन तपासायची रीत: डाइव्ह संपल्यावर, सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले असताना, बोटीजवळ पृष्ठभागावर उभे राहा. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारं तोंडातलं यंत्र) तोंडात, पाय अजिबात हलवायचे नाहीत. बीसीडी पूर्ण रिकामी करा. नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबलात की पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवं आणि श्वास सोडला की डोकं हळूहळू पाण्याखाली जायला हवं. श्वास भरलेला असतानाही बुडत असाल तर १ किलो कमी करा. एका डाइव्हला एकच किलो, घाईने तीन नको. भरलेल्या सिलिंडरने तपासलंत तर त्यात २ किलो मिळवा, कारण १५० बार हवा म्हणजे जवळपास १६५० लिटर आणि तिचं वजन २ किलोच्या आसपास भरतं. डाइव्ह संपताना तेवढ्याने तुम्ही हलक्या झालेल्या असता.

इथे फसगत एका गोष्टीने होते. खाली जाताना नवखी माणसं नकळत पाय मारत राहतात आणि फुप्फुसं अर्धी भरलेलीच ठेवतात. मग बुडत नाही म्हणून आणखी शिसं मागतात. घोटे एकमेकांवर अडकवा, फुंकर घातल्यासारखा लांब श्वास सोडा आणि दहा सेकंद थांबा. पहिले दोन मीटर गेले की पुढे तुम्ही आपोआप खाली जाता.

बीसीडीचं बटण ‘टक’ करून सोडायचं, दाबून धरायचं नाही. भरलेल्या हवेचा परिणाम जाणवायला दोन-तीन सेकंद लागतात, तोवर बोट बाजूला ठेवा. श्वासाचंही तसंच. आत्ता घेतलेला श्वास तुम्हाला लगेच उचलत नाही, थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.

सातपूरचा मासा

मास्कबद्दल लिहितो, कारण हा सराव घरी बसून होतो.

पाणी नाकाला लागलं की श्वास अडतो किंवा नाकाने आत ओढला जातो, धडधड तिथून सुरू होते. नाक ओलं असतानाही तोंडाने श्वास चालू ठेवायची सवय लावणं हाच यावर उपाय. स्टुलावर पाण्याची बादली ठेवा, मास्क न लावता स्नॉर्कल तोंडात धरा, चेहरा कानांपर्यंत बुडवा आणि तोंडाने श्वास घेत राहा. सुरुवातीला १५ सेकंदही जड जातील. रोज थोडं थोडं करून २ मिनिटांपर्यंत या. मग तोंडाने घ्यायचा, नाकाने सोडायचा, हा क्रम त्याच बादलीत पक्का करा. घरात कुणीतरी असू द्या.

त्यानंतर तलाव. मनपाच्या किंवा क्लबच्या तलावात सिलिंडर न्यायला बहुधा परवानगी मिळत नाही, पण मास्क, स्नॉर्कल आणि फिन्स वापरता येतात का ते व्यवस्थापकाला आधी विचारा. कमी गर्दीची बॅच निवडा. कमरेएवढ्या पाण्यात मास्कची वरची कड दोन बोटांनी कपाळावर दाबा, नाकाने संथ फुंकत राहा आणि शेवटी नजर थोडी वर न्या. जोरात फुंकलं तर पाणी निघण्याऐवजी हवाच कडेने निसटते. केसाची एक बट कडेखाली अडकली तरी मास्क गळतो. पुरुष मंडळींनी नाकाखालची मिशीची पट्टी जराशी कमी करावी. नव्या मास्कची काच आतून टूथपेस्टने तीन-चारदा घासून धुवा, कारखान्यातून येणारा पातळ थर तसा राहिला तर थुंकी लावूनही धुकं जात नाही.

तलावात एक गोष्ट अजिबात नको: जोरजोरात श्वास घेऊन मग दम कोंडून पाण्याखाली लांब जाणं. त्याने श्वास घ्यायची इच्छा उशिरा होते आणि शुद्ध आधी जाते. जीवरक्षकाच्याही लक्षात येत नाही.

गंगापूर धरणाचा विचार सोडून द्या. शहराला पिण्याचं पाणी तिथून जातं, पाणी गढूळ, तळाला गाळ आणि काटक्या. शिवाय आपण सुमारे ६०० मीटर उंचीवर आहोत. ३०० मीटरच्या वर डाइव्ह करायची तर समुद्रसपाटीची टेबलं (किती खोलीवर किती वेळ राहायचं याचे तक्ते) जशीच्या तशी चालत नाहीत. नवख्या माणसाने शिकायची ती जागा नाही.

पन्नासबार

तुमच्या हवेचा हिशेब मांडू या. १५० बार गुणिले ११ लिटर म्हणजे १६५० लिटर. ते २८ मिनिटांत गेले, मिनिटाला ५९ लिटर. ९ मीटरवर दाब १.९ बार, म्हणून ५९ भागिले १.९ म्हणजे पृष्ठभागावरचा तुमचा दर मिनिटाला ३१ लिटर. नवख्या डाइव्हरला तो २० ते २५ असला तरी नवल नाही. जादा शिसं आणि हातांनी पोहणं कमी झालं की पहिल्या पाच-सहा डाइव्हमध्येच हा आकडा खाली येईल. दम रोखून हवा वाचवायला जाऊ नका. डोकं दुखतं, आणि वर येताना रोखलेला श्वास फुप्फुस फाडू शकतो, दीड मीटरच्या तलावातसुद्धा.

आता परतीची हवा. धरा की १८ मीटरवर बडीची (सोबतच्या डाइव्हरची) हवा संपली आणि दोघी तुमच्याच सिलिंडरवर आहात. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर घेतो, दोघींचे ६०. सावरायला १ मिनिट: ६० गुणिले २.८ म्हणजे १६८. मिनिटाला ९ मीटर वेगाने वर यायला २ मिनिटं, सरासरी दाब १.९: २२८. ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा: २७०. एकूण ६६६ लिटर, म्हणजे ११ लिटरच्या सिलिंडरचे ६० बार. म्हणून १८ मीटरवर असताना दाबमापकाचा काटा ७० वर आला की वर निघायचं. ‘५० बारला बोटीवर’ हे वाक्य उथळ पाण्यात ठीक आहे, खोलवर ते पुरत नाही. उतरण्याआधी बडीसोबत हा आकडा बोलून ठरवा आणि दर पाच मिनिटांनी एकमेकींना काटा दाखवा.

लॉगबुकात माशांच्या नावांच्या आधी हे लिहा: शिसं किती, सूट कोणता, सुरुवातीचे आणि शेवटचे बार, सरासरी खोली, वेळ. पुढच्या वेळी अंदाजाने शिसं उचलावं लागणार नाही.

खारंवारं

ॲडव्हान्स्डबद्दल माझं मत: आत्ता नको. त्यात पाच डाइव्ह असतात, खोल आणि दिशाशोधन या दोन सक्तीच्या, बाकी तीन तुमच्या पसंतीच्या. १८ वरून ३० मीटरची मुभा मिळते, पण ५ मीटरवर थांबता येत नसताना ३० मीटर घेऊन करायचं काय? आधी दहा-बारा साध्या डाइव्ह ८ ते १२ मीटरवर, शक्यतो एकाच जागी.

समुद्रवेडी

खारंवारंशी अर्धीच सहमत आहे. मालवणात साध्या डाइव्हच्या नावाखाली प्रमाणपत्रधारकालाही पर्यटकांसारखं दंडाला धरून फिरवतात, तशा दहा केल्या तरी हाती काही लागत नाही. चांगला इन्स्ट्रक्टर मिळत असेल तर ॲडव्हान्स्ड हा सलग पाच डाइव्ह देखरेखीखाली करण्याचा मार्ग आहे. पसंतीच्या तिनात तरंगण्यावरच्या नियंत्रणाची डाइव्ह घ्या आणि ती पहिलीच ठेवायला सांगा. खोलची सगळ्यात शेवटी.

कुठेही पैसे भरण्याआधी फोनवर विचारा: एका गाइडमागे किती जण? डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) प्रत्येकाला मिळतो का? बोटीवर ऑक्सिजन आहे का? पहिली डाइव्ह वजन तपासायला आणि सरावाला देणार का? शेवटच्या प्रश्नाला ‘त्याची काही गरज नाही’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

दिशाशोधनाचा सराव गोल्फ क्लब मैदानावर पहाटे होतो. डोक्यावर पंचा असा घ्या की फक्त पायांपुढची जमीन आणि हातातलं होकायंत्र दिसेल. ३० पावलं सरळ, उजवीकडे ९० अंश, परत ३०, असा चौकोन पूर्ण करा. निघालेल्या जागेपासून दोन पावलांत परत आलात की जमलं. होकायंत्र शरीराच्या मध्यरेषेत आणि आडवं धरा. तिरकं झालं की सुई अडकते आणि तुम्ही बिनधास्त चुकीच्या दिशेला जाता.

मालवणला पाणी गढूळ असलं की तीन-चार मीटरपलीकडे दिसत नाही. बडी हाताच्या अंतरावर ठेवा. दिसेनाशी झाली तर १ मिनिट जागीच फिरून बघा, मग सावकाश वर या, वर भेट होईल. स्वच्छ पाण्यात सराव हवा असेल तर मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट नाशिककरांना अंदमानपेक्षा खिशाला परवडतं.

गोदाकाठ

खूप आभार. बादली आजच स्टुलावर ठेवली. एक राहिलंच: रविवारी दोन डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने नाशिकला निघायचा बेत होता. चालेल?

पन्नासबार

नको. विमानप्रवासासाठी डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला असा आहे: एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग दिवस केल्यास १८ तास. तो सुमारे ६१० मीटरपासून वरच्या उंचीला लागू होतो. नाशिक त्या रेषेवरच आहे, आणि आंबोली तर सुमारे ६९० मीटर. मालवणहून निघून आंबोलीमार्गे गेलात तर पाण्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच रेषेच्या वर असाल. खाली जास्त दाबात अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत बाहेरचा दाब कमी करणं, धोका हाच.

डाइव्ह शनिवारी आटोपा, रात्र मालवणातच काढा आणि रविवारी सकाळी उशिरा निघा. रस्ता मुंबई-गोवा महामार्गाचा धरा. पनवेलपर्यंत मोठी उंची लागत नाही, चढ थेट कसाऱ्याला किंवा समृद्धीने इगतपुरीला. त्या वेळेपर्यंत २४ तास सहज उलटलेले असतील. वाटेत सांधा दुखायला लागला, मुंग्या आल्या किंवा अंगावर विचित्र चट्टे उठले तर ‘दमले असेन’ म्हणून घाट चढू नका. खालीच थांबा, ऑक्सिजन मिळेल अशा दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना डाइव्हची खोली व वेळ सांगा. लॉगबुक डिकीत नको, हातातल्या पिशवीत ठेवा.

सातपूरचा मासा

डिसेंबरात नाशिकच्या थंडीत सर्दी हमखास होते. नाक चोंदलेलं असेल तर डाइव्ह रद्द करा. गोळी घेऊन उतरलात आणि खालीच तिचा असर संपला, तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, ते दुखणं वाईट. कान पहिल्या मीटरमध्ये दोनदा मोकळे करा, दुखायला लागायची वाट बघू नका.