मदत हवी आहे: गावच्या घरी इनव्हर्टर, ट्यूब्युलर की लिथियम?

नमस्कार मंडळी,

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फेब्रुवारीपासून गुहागर तालुक्यातल्या घरी राहून काम करतोय. कंपनी पुण्यातली, काम सर्व्हर सांभाळण्याचं, आठवड्याआड रात्रीची ऑन-कॉल पाळी. उन्हाळा निभावला. जून लागल्यापासून मात्र लाईटचा खेळ सुरू झालाय. कधी जम्पर तुटतो, कधी डीपीवरचा फ्यूज उडतो, कधी आमच्याच फणसाची फांदी तारेवर. वायरमन भला माणूस, पण तो एकटा आणि गावं सात.

मीटर लावून मोजलं. लॅपटॉप ४५ वॅट, मॉनिटर २५, राउटर १०, दोन दिवे २०, आणि पंखा एकटा ७५! बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा मागवलाय, तो ३० च्या आसपास घेतो. म्हणजे एकूण १३० वॅट धरा.

१२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे लेड-अ‍ॅसिडचाच एक प्रकार, कागदावर १८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची आणि इनव्हर्टरची घट धरायची, तर हातात ७२० उरतात. साडेपाच तास. १२.८ व्होल्ट १०० एएचची लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) ९० टक्के वापरली तरी चालते, म्हणून ती लहान असूनही सात तास. दुकानदाराने किंमत जवळपास दुप्पट सांगितली, तेव्हा बाबा काही न बोलता बाहेर जाऊन उभे राहिले.

मला काळजी तासांची नाही, चार्जिंगची आहे. पावसात लाईट दोन तास येते आणि पुन्हा जाते. १५ अँपिअरने दोन तासांत भरणार किती? लेड-अ‍ॅसिड बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ती लवकर मरते. लिथियमला अर्धवट राहण्याचं काही वाटत नाही. माझा हा हिशोब बरोबर आहे की मी महाग वस्तू घ्यायला कारण शोधतोय?

दुसरं, जागा. घरात मोकळा कोपरा एकच, देवघराच्या खाली. तिथे समई तेवते आणि लेड-अ‍ॅसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पडवीत ठेवावी तर पावसाची झड येते.

कोकणात राहून ऑनलाइन काम करणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद:
समईखाली लेड-अ‍ॅसिड अजिबात नको. हिशोब बरोबर आहे. फक्त इनव्हर्टरला लिथियमची सेटिंग आहे का ते बघा. जुन्या इनव्हर्टरला नुसती बॅटरी बदलून लावू नका, चार्जिंगचं व्होल्टेज जुळायला हवं.

प्रतिसाद:
बॅटरीचं राहू द्या, आधी हे सांगा, लाईट गेल्यावर तुमचं नेट किती वेळ टिकतं? आमच्याकडे मी आठ तासांचा बॅकअप घेतला आणि केबलवाल्याचा डबा दीड तासात झोपायचा. अंधारात लॅपटॉप चालू, पंखा चालू, काम बंद. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा आणि एकदा घड्याळ लावून बघा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. दुसऱ्या प्रतिसादाने डोळे उघडले, खरं सांगतो. सर्व्हरवाल्याने हे आधी तपासायला हवं होतं. काल दुपारी लाईट गेली तेव्हा राउटर पॉवर बँकेवर, १२ व्होल्टच्या केबलने चालवला. एक तास पन्नास मिनिटांनी एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) दिवा लाल. चौकशी केली तर केबलवाल्याचा स्विच (घराघरांत नेट वाटणारा डबा) वाण्याच्या दुकानाच्या माळ्यावर आहे, आणि त्याची बॅटरी तीन वर्षांपूर्वीची.

मोबाइलचा टॉवर मात्र डिझेलवर चालू राहतो. घरात एकच काडी रेंज, गच्चीवर तीन. ऑन-कॉलच्या रात्री पावसात गच्चीवर जाणं आईला पटणार नाही, त्यामुळे बाहेर अँटेना लावून सिमवाला राउटर आत ठेवायचा विचार आहे.

तर आता बदललेला प्रश्न: लिथियम घेतोच आहे, पण लहान. उरलेल्या पैशांत केबलवाल्याला त्याच्या स्विचसाठी नवी बॅटरी घेऊन द्यावी, असं डोक्यात आहे. वाडीतली बाकी घरंही त्याच स्विचवर आहेत. असा व्यवहार कुणी केलाय का? पैसे महिन्याच्या बिलातून वळते करून घेता येतात, की दिले ते गेले असं धरायचं?