मदत हवी आहे: रोम २ मध्ये लढाई ऑटोवर टाकावी की हाताने खेळावी?

टोटल वॉर: रोम २ (संगणकावरचा युद्धाचा खेळ), बाजू मॅसिडोन, अवघडपणा हार्ड. फौजेत २० तुकड्या: सेनापती, ९ पाइक (लांब भालेवाले), ४ भालाफेके, ४ घोडदळ, २ बॅलिस्टा (दगड-बाण फेकणारी यंत्रं). लढाईआधी दिसणारी ताकदीची पट्टी साधारण ६०-४० आपल्या बाजूने असते. ऑटो-रिझॉल्व्ह केलं (म्हणजे निकाल संगणकावर सोडला) तर विजय मिळतो, पण घोडदळाच्या एक-दोन तुकड्या पार संपतात. सगळ्याच लढाया हाताने खेळायला वेळ पुरत नाही. कुठली लढाई ऑटोवर टाकावी, हे कशावरून ठरवायचं?

प्रतिसाद १
ती पट्टी म्हणजे दोन्हीकडच्या ताकदीचा ढोबळ हिशेब. अरुंद गल्ली, चढ, पाठीमागून बसलेली धडक त्यात येत नाही, आणि तुमची फौज तर त्यावरच जिंकते. पाइक समोरून फुटता फुटत नाहीत, बाजूने मात्र लगेच कोसळतात. ऑटोला त्यांची तोंडं कुठे आहेत याच्याशी देणंघेणं नाही.

हाताने खेळताना पाइकना फॅलँक्समध्ये (भाले रोखलेल्या घट्ट रांगेत) उभं करून गार्ड मोड (जागा न सोडण्याचा हुकूम) लावा, नाहीतर पळणाऱ्यांच्या मागे लागून रांग मोडते. शत्रू भाल्यांवर अडकला की घोडदळ लांबून वळसा घालून त्याच्या पाठीवर घाला. धडकेचा जोर पहिले काही क्षणच असतो, म्हणून लगेच बाहेर काढा, अंतर घ्या, पुन्हा घाला. गर्दीत उभं राहिलेलं घोडदळ हकनाक मरतं. रांगा भिडल्या की भालाफेक्यांचं फायर ॲट विल (आपोआप मारा) बंद करून त्यांना बगलेला न्या. मागून फेकलेले भाले आपल्याच पाइकच्या पाठीत बसतात.

धागाकर्ता
म्हणजे ६०-४० असेल तर हातानेच?

प्रतिसाद २
पट्टी नंतर, आधी तुकड्यांची कार्डं बघा. निम्मी माणसं उरलेली तुकडी ऑटोमध्ये सहज शून्यावर जाते, आणि शून्यावर गेलेली तुकडी अनुभवासकट गेली. दहा माणसं जरी उरली तरी आपल्या प्रांतात थांबून ती पुन्हा भरते. म्हणून ऑटोआधी एक-दोन टर्न (खेळी) थांबा, किंवा एकाच प्रकारच्या दोन अर्धवट तुकड्या एकत्र करा (अनुभव थोडा पातळ होतो, चालतं).

ऑटोमध्येही पवित्रा निवडता येतो, तो बरेच जण बघतच नाहीत. पट्टी तीन चतुर्थांशाच्या पुढे असेल तर बचावात्मक घ्या, माणसं वाचतात. आक्रमक पवित्र्यात दोन्हीकडे मुडदे वाढतात. शत्रूची फौज संपवायचीच असेल तेव्हाच तो.

शत्रूला कुमक असेल तर मात्र हातानेच लढा. ऑटोमध्ये ती कुमक सरळ हिशेबात धरली जाते. मैदानात ती कडेने, मागाहून येते, तेवढ्यात पहिली फौज मोडता येते.

प्रतिसाद ३
वरच्याला +१. ऑटो दाबण्याआधी सेव्ह करायला विसरू नका. लेजेंडरीवर (सगळ्यात अवघड पातळीवर) मागच्या सेव्हवर परतता येत नाही, तिथे अर्धवट घोडदळ फौजेत असताना ऑटो दाबूच नका.