बाहाच्या किनाऱ्यावर कायोटी दिसला, पण मनासारखा फोटो नाही. जानेवारीत पुन्हा जातेय, मदत करा

सूरसागरकाठची

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, घर दांडिया बाजारात, लेक सॅन डिएगोला असते. गेल्या फेब्रुवारीत तिच्याकडे गेले होते तेव्हा लेक-जावयाने गाडी काढून मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियाला नेलं, ग्वेरेरो नेग्रोच्या खाडीत ग्रे व्हेल बघायला. व्हेल दिसले, पिल्लं घेऊन अगदी बोटीला लागून गेले, पण खरं सांगते, मनात घर करून बसलाय तो त्या खाडीकाठचा कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा रानटी प्राणी.

सकाळचे सात वाजले असतील, धुकं होतं, मागे मिठागरं पांढरीफटक, आणि हा एकटाच ओहोटीच्या रेषेवरून चाललेला, वाहून आलेल्या समुद्रगवताचा एकेक ढीग नाकाने उलटत. मध्येच थांबायचा, पुढचा एक पाय वर धरायचा आणि नुसता ऐकायचा. मग एकदम नाक खुपसलं आणि खेकडा बाहेर काढला. तो खेकडा तोंडाच्या एका कडेला घेऊन मान वाकडी करून चावत होता, माझी आजी सुपारी एका बाजूच्या दाढेने चावायची ना, हुबेहूब तसा, आणि तो कचकच आवाज मला गाडीत ऐकू येत होता. आपल्या कोल्ह्यासारखाच दिसतो, कान जरा मोठे, पाय जरा लांब.

मी दीडशेएक फोटो काढले, सगळे वाया. कुठे फोकस मागच्या वाळूवर, कुठे तो वाळूतच मिसळून गेलेला, सगळंच राखाडी.

दोन दिवसांनी आम्ही पलीकडे आखाताच्या बाजूला, बाहिया कॉन्सेप्सिओनच्या एका बीचवर मुक्काम केला. तिथे शेजारचे कॅम्पवाले रोज संध्याकाळी तोर्तिया, म्हणजे तिकडच्या पोळ्या, फेकत होते आणि एक कायोटी दहा फुटांवर येऊन बसायचा. त्याचे फोटो एकदम शार्प आलेत, मिशीचा केस न् केस दिसतो. पण ते बघावेसे वाटत नाहीत, कारण प्रत्येक फोटोत तो माझ्या हाताकडे बघतोय.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची) बॉडी आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे. नवीन लेन्स घ्यावी का? किती जवळ जायचं? धोका असतो का? आणि जावई म्हणतात एक पोळीचा तुकडा टाकला तर काय बिघडतं, त्यांना काय सांगू?

मांजलपूर_ट्रायपॉड

ताई, लेन्स घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी. क्रॉप बॉडीवर ३०० म्हणजे साडेचारशेच्या जवळपास पडतं आणि किनाऱ्यावर उघड्या जागेत तेवढं पुष्कळ झालं. तुमचा प्रॉब्लेम लेन्सचा नाहीये, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे ऑटोफोकस सगळ्या फ्रेमवर सोडलेला असणार, कायोटीचा रंग वाळूचाच त्यामुळे कॅमेरा जिथे कॉन्ट्रास्ट जास्त तिथे पळतो म्हणजे मागची मिठाची रेघ नाहीतर लाट, म्हणून एकच छोटा पॉइंट ठेवा, तो डोळ्यावर नाही बसला तर खांद्यावर बसवा आणि हलत्या जनावरावर फोकस धरून ठेवणाऱ्या कंटिन्युअस मोडवर राहा. दुसरी गोष्ट एक्स्पोजर. पांढरं मीठ, धुकं, ओली वाळू, हे सगळं कॅमेऱ्याला जास्त उजेड वाटतं आणि तो फोटो काळवंडवतो, तुमचं ‘सगळंच राखाडी’ तिथूनच आलंय. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप प्लस करा, म्हणजे फोटो तेवढा उजळ येतो.

शटर चालत्या जनावराला १/१००० सेकंद चालेल, धावलं की १/२०००, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदना) ऑटोवर टाका आणि थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, आला तर येऊ द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उंची. उभं राहून काढलेल्या फोटोत तो वाळूवर चिकटवल्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीला या, मग त्याच्यामागे वाळूऐवजी समुद्र नाहीतर धुकं येतं आणि तो आपोआप उठून दिसतो. गाडीतून काढायचा असेल तर खिडकीवर बीनबॅग, आम्ही जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात पाच-सहा वाट्या तांदूळ भरून शिवतो, सामानात रिकामी न्या आणि तिकडे भरा. गाडीचं इंजिन बंद हवं, नाहीतर सगळं हलतं.

आणि ऊन तापायच्या आत आटपा. वाळू तापली की तिच्यावरची हवा लहरायला लागते, मग लाखाची लेन्स असली तरी केस सुटे दिसत नाहीत. पॅसिफिकच्या बाजूला थंड प्रवाहामुळे सकाळी धुकं असतं, तेवढा वेळ तुम्हाला जास्त मिळतो, पलीकडे आखाताच्या बाजूला नाही मिळणार. बीचवर लेन्स बदलू नका. खारा थर काचेवर बसला तर आधी ब्लोअरने रेती उडवा, मगच पुसा, साडीच्या पदराने तर अजिबात नको.

फतेगंजचा_दुर्बीणवाला

ट्रायपॉडभाईंनी तंत्र सांगितलंय, मी पोळीच्या तुकड्याबद्दल लिहितो कारण मला तो प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

ताई, तुम्ही जे पहिल्या सकाळी बघितलंत ना, समुद्रगवत उलटून खेकडा काढणं, ती त्या प्राण्याची खरी कमाई आहे. बाहाचं वाळवंट आत कोरडं ठणठणीत, पण दोन्हीकडून समुद्र अन्न आणून टाकतो: मेलेले मासे, समुद्रपक्षी, खेकडे, कधी सी लायनचं मढं. मायकेल रोझ आणि गॅरी पोलिस या अभ्यासकांनी तिथे आखाताच्या किनाऱ्यावर काम केलं, १९९८ मध्ये ते छापून आलं, आणि त्यात दिसलं की किनाऱ्यावर कायोटींची दाटी आतल्या वाळवंटापेक्षा कितीतरी पट जास्त आहे, कारण त्यांच्या पोटात जाणाऱ्यातला मोठा वाटा समुद्राचा. म्हणजे त्याला तुमच्या पोळीची गरज नाहीये. भरतीचं पाणी दर वेळी त्याचं ताट वाढून जातं.

पोळीने काय होतं ते आपण बडोदेकरांना दुसऱ्या कुणी सांगायला नको. विश्वामित्रीच्या पुलावरून लोक मगरींना मांसाचे तुकडे टाकताना मी स्वतः बघितलंय, आणि दोन-चारदा भांडलोही आहे. मगर त्या जागेला येऊन थांबायला शिकते, पुढे कुणी कपडे धुवायला खाली उतरलं तर दोष मगरीचा. २०२४ च्या ऑगस्टच्या पुरात मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या तेव्हा आपण त्यांना पकडून परत सोडलं, ही आपल्या गावाची चांगली बाजू. पण माणसाच्या हाताला सोकावलेल्या कायोटीला सगळीकडे असं नशीब नसतं, तो तंबूत शिरला, एखाद्या पोराचा हात धरला, की गोळी किंवा विष. दहा फुटांवर बसून हाताकडे बघणारा तो कायोटी त्याच वाटेवर आहे, म्हणूनच तुम्हाला ते फोटो बघवत नाहीत. तुमचं मन बरोबर सांगतंय. जावईबापूंना एवढंच सांगा की त्याचा जीव जातो.

रावपुरा_ते_फिनिक्स

मी बारा वर्षं ॲरिझोनात आहे, कायोटी आमच्या गल्लीतून फिरतात. काकू, घाबरायचं कारण नाही, बहुतेक दहा-पंधरा किलोचं जनावर असतं आणि माणसावर क्वचितच येतं. पण तो तुमच्या दिशेने चालत आला आणि थांबेना तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हात वर करून मोठ्याने ओरडायचं, आपल्या मराठीत ओरडलं तरी चालतं त्याला. नातवंडं बरोबर असतील तर हाताशी ठेवा, छोटा कुत्रा असेल तर पट्ट्याशिवाय नको. तुमच्याकडे बघून त्याने खाणं थांबवलं की समजा तुम्ही जास्त जवळ गेलात, तिथूनच मागे या.

रात्री कॅम्पवर आवाज ऐकाल तर वाटेल वीस-पंचवीस जण आलेत, असतात दोघं-तिघंच, सूर इतके भराभर बदलतात की मोजता येत नाही.

सूरसागरकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. जावयांना दुर्बीणवाल्या दादांचं उत्तर वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, पण रात्री फोन करून म्हणाले या वेळी कॅम्पवर खाण्याचं सगळं गाडीत बंद ठेवू.

जायच्या आधी सराव कुठे करू? चिडियाघरात जाळी मध्ये येते.

फतेगंजचा_दुर्बीणवाला

वेळावदर, भावनगरकडचं काळविटांचं राष्ट्रीय उद्यान. तारापूर, वटामण, धोलेरा करत पहाटे निघालात तर दुपारच्या सफारीला आरामात पोहोचाल, पण मुक्काम करा आणि सकाळचीही घ्या. सपाट गवताळ माळ, काळविटं भरपूर, कोल्हे दिसतात, नशीब असेल तर लांडगाही. गाडीतून उतरायचं नसतं त्यामुळे तुमच्या बीनबॅगची परीक्षा होईल. रंगाचा प्रश्न तोच, वाळक्या गवतात वाळक्या रंगाचा प्राणी. गाइडला ‘शियाळ’ म्हणा, ‘लोंकडी’ म्हणालात तर तो खोकड दाखवेल.

सूरसागरकाठची

तीन आठवड्यांनी लिहितेय. जाऊन आले. पहिल्या सफारीत काहीच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला रस्त्याच्या डावीकडे एक कोल्हा, गाइडने आपणहून इंजिन बंद केलं. पंचवीस मिनिटं आम्ही तिथेच होतो. तो गवतात उंदीर ऐकत होता, तस्साच पुढचा पाय वर धरून. सूर्य त्याच्या मागे होता, कानांच्या कडा पेटल्यासारख्या लाल दिसत होत्या आणि आतल्या शिरासुद्धा मोजता आल्या असत्या. पॉइंट खांद्यावर ठेवला, एक स्टॉप प्लस केला होता तो उलट्या उजेडातही तसाच राहू दिला. त्याने उडी मारली तेव्हा माझं बोट दाबलेलंच होतं, त्यातले दोन फोटो आलेत. एकात चारही पाय हवेत आहेत आणि नाक सरळ खाली गवतात.

एकदाही त्याने आमच्याकडे बघितलं नाही. अल्बममध्ये टाकलाय. तांदळाची पिशवी जरा मोठी हवी होती, दुसरी शिवायला घेतलीय.