परदेशी निधीतून पगार होणाऱ्या दलांत कागदी सैनिक, म्हणजे फक्त पगाराच्या यादीत असलेली बोगस नावं, कशी रोखायची? (रोजकीर्द, खतावणी आणि तिऱ्हाईत या तिघांची चर्चा)

रोजकीर्द
अफगाणिस्तानात २०२१ पर्यंत सैनिक-पोलिसांच्या पगाराचा पैसा परदेशी होता, पण हजेरी भरणारा तिथला कमांडर. बायोमेट्रिक नोंदणी झाली, बँक खाती उघडली, तरी बोगस नावं उरलीच. इराकमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी लष्कराच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून ५०,००० बोगस सैनिक सापडल्याचं जाहीर केलं. आधी कोणतं भोक बुजवायचं?

खतावणी
बोगस नावं तीन तऱ्हेची असतात. माणूसच नाही, माणूस होता, पण मेला किंवा पळून गेला, आणि माणूस आहे, पण घरी बसून पगाराचा वाटा कमांडरला देतो. बोटांचे ठसे पहिली तऱ्हा आणि दुबार नावं पकडतात. तिसऱ्यापुढे ते निरुपयोगी, कारण माणूसही खरा आणि ठसाही खरा.

त्यावर उपाय शिरगणतीचा. न कळवता, एका भागातल्या सगळ्या चौक्यांवर एकाच दिवशी. नाहीतर सकाळी इथे मोजलेली माणसं दुपारी ट्रकने पुढच्या चौकीत पोचतात. मोजणारा बाहेरचा हवा. आणि यादीतलं नाव मुळीच पुकारू नका. पुकारलं की कुणीही ‘हजर’ म्हणतो. आधी ठसा घ्या, नाव यंत्राला सांगू द्या. मेहनतीने बोटं झिजलेली असतात, म्हणून नोंदणीतच दहाही बोटं आणि बुबुळं घ्यावीत.

तिऱ्हाईत
माझ्या मते पहिलं भोक रोख पगाराचं. काँगोमध्ये २००५ पासून युरोपीय संघाच्या मोहिमेने पगाराची साखळी हुकमाच्या साखळीपासून तोडली, म्हणजे पगार कमांडरांच्या हातून जाऊ नये असं केलं, ते योग्यच होतं. अफगाणिस्तानात वर्दक प्रांतात २००९ साली काही पोलिसांचा पगार मोबाइलवर जमा झाला, तेव्हा त्यांना पगारवाढ झाल्यासारखं वाटलं. ती फक्त पूर्ण रक्कम होती!

पण खातं म्हणजे सुटका नव्हे. कमांडर कार्डं आणि पिन गोळा करून ठेवतो. एकाच एटीएमवर एकापाठोपाठ ३० कार्डं चालली, अनेक खात्यांना एकच मोबाइल नंबर असला किंवा लढाईनंतरही तुकडीत एकही गैरहजर दिसला नाही, तर तिथे त्याच आठवड्यात माणसं पाठवा.

खतावणी
बरोबर. शिवाय मेलेल्यांची नावं फक्त लोभापायी राहत नाहीत. निवृत्तिवेतनाचे कागद महिनोन्महिने अडकले की विधवेचं घर त्या पगारावरच चालतं. कुटुंबाला त्याच महिन्यापासून रक्कम मिळाली, तर मृत्यू लपवायची गरजच पडत नाही. डिझेल-दुरुस्तीचा किरकोळ खर्चही तुकडीला वेगळा द्या. बोगस पगारातून तोही भागवला जातो.

रोजकीर्द
जिथे मोजणारा पोचूच शकत नाही तिथे?

तिऱ्हाईत
शिधा, दारूगोळ्याची मागणी आणि जखमींच्या नोंदी हजेरीशी ताडून पाहा. पडताळणी न झालेलं नाव लगेच खोडू नका, नाहीतर आघाडीवरचा खरा शिपाई उपाशी मरेल. त्याची रक्कम खात्यात रोखून ठेवा आणि ठसा जुळला की थकबाकीसह सोडा. ही माहिती मात्र कमीत कमी ठेवा. बापाचं नाव, गाव असलं सगळं एका यादीत असेल आणि दल कोसळलं, तर तीच यादी शत्रूच्या हाती लागते.