डीपीएफचा दिवा पुन्हा पुन्हा येतोय, चालत्या गाडीत फिल्टर साफ का होत नाही?

चिंचोळी_लोड
गाडी बीएस६, दहा टायरची. काम चिंचोळी एमआयडीसी, मार्केट यार्ड, होटगी रोड अशा छोट्या खेपांचं. गाळप सुरू झालं की ऊस, आणि कारखान्यावर नंबर लागेपर्यंत इंजिन चालूच. डीपीएफचा (धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरचा) दिवा आला की उभ्या गाडीवर स्विच दाबून रिजन करतो, म्हणजे साचलेली काजळी जाळतो. दिवा जातो आणि थोड्याच दिवसांत परत येतो. युरिया भरलेला असतो. ऑइल कुणी टाकलेलं नसताना काडीवर लेव्हल खुणेच्या वर दिसतेय. एक मिस्त्री म्हणतो, आतली जाळीच काढून टाका. काय करावं?

हायवे_६५
मालक, युरिया आधी बाजूला ठेवा. तो डीपीएफनंतरच्या एससीआरमध्ये (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या भागात) फवारला जातो, काजळीशी त्याचा संबंध नाही.

डीपीएफमध्ये सिरॅमिकच्या बारीक चौकोनी नळ्या असतात. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला भिंतीतून गाळूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी भिंतीवर बसते. गाडी भरलेली आणि सलग चालत असेल, धूर साधारण २५० ते ४०० अंशांवर असेल, तर फिल्टरच्या आधी बसवलेल्या डीओसीत (धुरावर क्रिया करणाऱ्या कॅटॅलिस्टमध्ये) तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड ही काजळी हळूहळू जाळत राहतो. जादा डिझेल लागत नाही, ड्रायव्हरला कळतही नाही. माल भरून टेंभुर्णीकडे निघालेल्या गाडीत हेच चालू असतं.

तेवढ्यानं भागलं नाही की इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे इसीएम, स्वतः पुढाकार घेतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढला की तो जादा डिझेल सोडतो; काही गाड्यांत सिलिंडरमध्येच उशिरा, काहींत सायलेन्सरवरच्या डोझरमधून (डिझेल फवारणाऱ्या वेगळ्या नोझलमधून). ते डीओसीत जळतं, धूर ५५० ते ६५० अंशांवर जातो आणि साधारण २० ते ४० मिनिटांत फिल्टर मोकळा होतो. तुमचं अडतंय ते इथंच. डीओसी पुरेसा तापल्याशिवाय डिझेल सुटत नाही, आणि आयडलवर धूर २०० अंशांच्याही खालीच राहतो. छोट्या खेपेत रिजन सुरू झालंच, तर माल उतरवायच्या जागी चावी बंद होते. काम अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

ऑइलची लेव्हल मला दिव्यापेक्षा गंभीर वाटते. सिलिंडरमध्ये उशिरा सोडलेलं डिझेल लायनरवरून ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग टिकत नाहीत. आधी ऑइल आणि फिल्टर बदला, तोवर रिजनच्या स्विचला हात लावू नका. तुमच्या मॉडेलला वेगळा डोझर असेल, तर संशय गळक्या इंजेक्टरवर घ्या.

डिझेल_सेन्सर
वरच्याशी सहमत. उभ्या रिजनबद्दल थोडं. इंजिन गरम झालेलं, टाकीत पुरेसं डिझेल, न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला, पीटीओ (इंजिनच्या ताकदीवर चालणारी जोडयंत्रणा) बंद. आरपीएम आपोआप वाढतो. मध्येच क्लच, ब्रेक किंवा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बहुतेक गाड्यांत रिजन तुटतं. ३० ते ४५ मिनिटं धरा, झाल्यावर पाच मिनिटं आयडलवर ठेवूनच बंद करा. आणि कृपा करून हे कारखान्याच्या अड्ड्यावर पाचटावर उभं राहून करू नका. पाइपातून निघणारी हवा वाळलेलं पाचट पेटवू शकते. सुताच्या गोदामाजवळही नको. मोकळी मुरमाची किंवा सिमेंटची जागा बघा.

लाल दिवा आला, पिकअप तुटला, तर मात्र स्विच नको, थेट स्कॅनर. फार साचलेली काजळी एकदम पेटली की आतलं तापमान १००० अंशांच्या वर जाऊन सिरॅमिकला तडे जातात.

स्कॅनर लागलाच आहे तर दाबाचा सेन्सर बघून घ्या. चावी चालू, इंजिन बंद असताना फरक शून्य दिसला पाहिजे. त्याच्या दोन नळ्या चिरलेल्या किंवा काजळीनं तुंबलेल्या असतील तर इसीएमचा हिशोबच चुकतो. नंतर इंटरकूलरच्या होजची गळती, उघडा अडकलेला ईजीआर वॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि इंजेक्टर तपासा.

चिंचोळी_लोड
मग आठवड्यातून एक लांबची खेप लावली तर भागेल का? आणि जाळी काढण्याचं काय?

हायवे_६५
भागेल, पण गाडी भरलेली हवी. एक गिअर खाली ठेवून आरपीएम थोडा चढा राहू द्या. रिजनचा दिवा लागलेला असताना ढाब्यावर चावी बंद करायची नाही, एवढं ड्रायव्हरला सांगून ठेवा. अड्ड्यावर मात्र नंबर येईपर्यंत इंजिन बंदच बरं.

जाळी काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, शिवाय तुरुंगवास आणि लायसन्सवर कारवाईही होऊ शकते. तेही सोडा, इंजेक्टर किंवा ईजीआरचा मूळ बिघाड तसाच राहतो आणि काजळी सगळ्यांच्या छातीत जाते.

डिझेल_सेन्सर
एक राहिलं. काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांची असते, म्हणून ऑइल कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच घ्या. रिजन पूर्ण होऊनही दाबातला फरक खाली येत नसेल, तर फिल्टर उतरवून भट्टीत तापवून, बाहेरच्या तोंडाकडून हवा मारून साफ करून घ्यावा लागतो. प्रेशर वॉशरनं धुऊ देऊ नका, कोटिंग जातं. आधी आणि नंतर वजन करायला सांगा, राख किती निघाली ते कळतं. उतरवताना बाहेरच्या तोंडात बोट फिरवून बघा. बोट काळं झालं तर आत तडा आहे, साफसफाईवर पैसे घालू नका. बसवताना गॅस्केट नवीन, आणि स्कॅनरवर राखेचा काउंटर रीसेट.