चर्चा : इंग्रजीत प्रकल्प लिहिणाऱ्या मुलांना आधी काय शिकवायचं, भाषा की शोध?

तालुका_ग्रंथपाल
अकरा वर्षं तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमची एम.ए.ची मुलं बहुतेक मराठी माध्यमातली, आणि प्रकल्प मात्र इंग्रजीत. नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला की इतरांच्या लेखनाशी साम्य निम्म्याच्या घरात येतं. मग मुलाला चारचौघांत झापायचं आणि 'दहाच्या आत आण' म्हणून परत पाठवायचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून दहाचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तिथवर पोचायचं कसं, हे कुणी सांगत नाही. मुलं मग नुसते शब्द बदलत बसतात. परवा एका प्रकल्पात 'कॅश क्रॉप'चं 'मनी हार्वेस्ट' झालेलं पाहिलं आणि वाईट वाटलं.

ही मुलं आळशी नाहीत. शोधायचं कुठे, सापडलेल्यावर विश्वास किती ठेवायचा आणि वाचलेलं आपल्या शब्दांत कसं मांडायचं, हे त्यांना कधी शिकवलेलंच नाही.

यंदा एका मुलीचा विषय होता रोजगार हमी. पहिल्याच पानावर वाक्य : ही योजना २००५ साली सुरू झाली. इंग्रजी अगदी बिनचूक, कारण वाक्य कुठल्याशा वेबसाइटवरून जसंच्या तसं घेतलेलं. पण २००५ हे केंद्राच्या कायद्याचं साल. आपल्याकडे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने ही योजना १९७२च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. मी तिला विचारलं, घरात कुणाला बहात्तरचा दुष्काळ आठवतो का? म्हणाली, आजीने तेव्हा खडी फोडली होती, तिच्या तोंडून कितीदा ऐकलंय. म्हणजे माहिती घरातच होती. पण इंग्रजी वेबसाइटपुढे आजीचं खरं धरावं, निदान दोन्ही ताडून बघावं, असं तिच्या मनातही आलं नाही.

म्हणून म्हणतो, इंग्रजी लेखनाच्या तासाला ग्रंथपालाला सोबत घ्या. ग्रंथालयाची ओळख म्हणून वर्षातून एकदा कपाटं दाखवून काही होत नाही.

इंग्रजीचा_मास्तर
ग्रंथपाल साहेब, तळमळ पोचली, पण पटलं नाही. तुमच्या मुलीला साल दुरुस्त करता आलं, कारण ते एका आकड्याचं काम होतं. आता तिला म्हणा, आजीचं म्हणणं आणि कायद्यातली तरतूद एका परिच्छेदात जोड. अडेल. एका वाक्यात कर्ता आणि क्रियापद जुळवताना ज्याची दमछाक होते, तो तीन लेखांची मतं एकत्र कशी मांडणार? दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात सारांश असतो. मुलं उताऱ्यातलीच चार वाक्यं उचलून लिहितात. ती आळसापोटी उचलत नाहीत हे तुमचं मला मान्य आहे. पण कारण शोध न येणं हे नाही, पर्यायी वाक्यच जवळ नसतं. माझ्याकडे आठवड्याला चार तास. त्यातला एक तुम्हाला दिला तर वाक्यरचना कधी घेऊ?

खानदेशी_लेक
मास्तर, त्या चार उचललेल्या वाक्यांना गुणही मिळायचे. मला मिळालेत. दहावीपर्यंत जे चाललं ते एम.ए.ला एकदम चोरी कसं ठरलं, हे मला कुणी समजावलं नाही. मी घरातली पहिली पदवीधर. नोटीस हातात पडली तेव्हा आठवडाभर कॉलेजात गेले नाही.

आणि शोधाचं म्हणाल तर मी गूगलमध्ये प्रकल्पाचं अख्खं शीर्षक टाकायचे. आमच्या ग्रंथपाल मॅडमनी एकदा शेजारी बसवून दाखवलं : 'दुष्काळ' म्हटलं की इंग्रजीत 'ड्राउट' आहे, 'फॅमिन' आहे, 'स्कार्सिटी' आहे, आणि जुन्या सरकारी कागदांत बरेचदा 'स्कार्सिटी'च सापडेल. मग शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांतले प्रबंध ठेवलेल्या वेबसाइटवर, याच विषयावरचे प्रबंध निघाले. पाच-सहा वाचल्यावर वाक्यंही सुचायला लागली. ती मला व्याकरणाच्या तासाला कधीच सुचली नव्हती.

वाईकर
आता हे सगळं चॅटजीपीटी करून देतं. तुम्ही कुठल्या जमान्यातलं बोलताय?

तालुका_ग्रंथपाल
वाईकर, तसे प्रकल्पही येतात माझ्याकडे. मागच्या एकातले सात संदर्भ मी स्वतः शोधले, चार कुठेच नव्हते. मासिक खरं, अंक खरा, लेख मात्र त्या अंकात नाही. आणि त्या मुलाला हे तपासता येत नव्हतं, म्हणजे पुन्हा माझाच मुद्दा.

मास्तर, 'पर्यायी वाक्यच जवळ नसतं' हे तुमचं खरं आहे. माझ्या मांडणीत ते राहून गेलं होतं. पण मी एक करून पाहिलंय. लेखाचं एक पान वाचायचं, मिटायचं, आणि कळलं तेवढं आधी मराठीत पाच ओळींत लिहायचं. मग पान न उघडता त्या पाच ओळी इंग्रजीत. शेवटी पान उघडून ताडायचं आणि कुणाचं म्हणणं आहे ते लिहायचं. इंग्रजी मोडकं येतं. पण ते त्याचं असतं, आणि तुम्हाला दुरुस्त करायला खरं काही हाती लागतं. उचललेल्या वाक्यात तुम्ही काय शिकवणार?

इंग्रजीचा_मास्तर
मराठीतून जाण्याला माझा विरोध आहे. मुलं मग मराठी वाक्याच्या वळणावरच इंग्रजी लिहीत राहतात, ती सवय काढायला माझी दोन वर्षं जातात. पण मिटून लिहिण्याचं पटतंय. मोडकं का होईना, ते मी तपासू शकतो, हेही खरं.

मी मराठीचा टप्पा गाळून, थेट इंग्रजीत टिपणं काढायला लावून बघतो. पान मात्र तुम्ही निवडून द्या, वीस ओळींच्या आतलं आणि रोजगार हमीवरचंच. त्या मुलीलाही बसवा.

खानदेशी_लेक
सर, एकाच वर्गातल्या निम्म्यांना मराठीतून आणि निम्म्यांना थेट इंग्रजीतून करायला लावा ना. आणि टिपणं तपासताना कुठली कुणाची ते झाकून ठेवा.