भंगारातील जीपचे डिझेल इंजिन मळणीयंत्राला जोडावे काय?

प्रश्न (दारव्हा तालुका): आमच्या गावाजवळच्या भंगारवाल्याकडे जुन्या जीपचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन पडून आहे. त्यावर तुरीचे मळणीयंत्र आणि विहिरीवरचा पाच अश्वशक्तीचा पंप चालवण्याचा विचार आहे. बॅटरीअभावी ते सुरू करून पाहता येत नाही. मग पारख कशी करावी?

उत्तर १: भाऊ, क्रँकपुलीच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकावरच्या पुलीच्या) नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. ते हललेच नाही, तर भावाची बोलणी करूच नये. प्रत्येक सिलिंडरच्या दाबाचा अडसर सारखा जाणवला, तर आशा आहे. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल काळे असणे डिझेलमध्ये नेहमीचेच, पण ते दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट (सिलिंडरवरच्या झाकणाखालचा, म्हणजे हेडखालचा, गळती रोखणारा पत्रा) गेले किंवा हेडला चीर पडली, किंवा उघड्यावर पावसाचे पाणी आत उतरले, असे समजावे.

उत्तर २: मळणीला ठीक आहे, पंपाला मात्र हे फार मोठे पडेल आणि डिझेल वाया जाईल. त्यासाठी एका सिलिंडरचे इंजिनच बरे. घेतलेच, तर रेडिएटर, इंजेक्शन पंप (सिलिंडरला दाबाने डिझेल पुरवणारा) आणि फ्लायव्हील (इंजिनची गती एकसारखी ठेवणारे जड चाक) सोबतच मागून घ्यावे, कारण हेच सुटे घेताना खिसा रिकामा होतो.

उत्तर ३: इंजिन क्रमांक घासलेला नाही ना, हे आधी पाहावे आणि तो पावतीवर लिहून घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार निकामी वाहनाची माहिती मालकाने नोंदणी प्राधिकरणाला द्यायची असते. तो कागदही मागावा.